टिल्लीची टुणुक

डोळे इकडे, कान इकडे, गोष्ट निघाली लुकलुक रानाकडे!

लुकलुक रानात सगळ्यांना जादू यायची. गवताला यायची. वाऱ्याला यायची. दगडालासुद्धा यायची! पण एक गंमत होती. आपली जादू आपल्याला चालायची नाही. दुसऱ्यालाच चालायची.

त्या रानात राहायची टिल्ली. टिल्ली म्हणजे एवढीशी बेडकी. बोराएवढी! तिच्या पायात होती टुणुक. हिरवी हिरवी, गोल गोल, मुगाएवढी टुणुक. टिल्लीच्या आईने एका मण्यावर जादू करून दोऱ्याने बांधून दिलेली. टुणुक पायात, तर उडी आभाळात!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

एकदा काय झालं? टिल्ली ओढा ओलांडून फिरायला गेली. एक उडी मारली. मोठी उडी मारली. आणखी मोठी उडी मारली. आणि गाठ सुटली! टुणुक निघाली. गड गड, गड गड, गुडुप! गेली एका मोठ्या धोंड्याखाली.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून आईची हाक आली.

"टिल्लेऽऽ! भजी तळलीत गं! गरम आहेत तोवर ये!"

डासांची भजी! कुरकुरीत भजी! टिल्लीने उडी मारली. फतक! पुन्हा मारली. फतक! ओढा केवढा मोठा, उडी केवढीशी. टिल्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने नाक पुसलं आणि निघाली.

फतक फतक, फतक फतक.

गेली धोंड्याकडे. धोंडा होता म्हातारा. सगळे त्याला धोंडूआजोबा म्हणायचे.

"धोंडूआजोबा, धोंडूआजोबा, हला ना!"

"कशाला गं हलू?"

"टुणुक मिळेना, मला घरी जाता येईना!"

"हललो असतो गं बाळा," आजोबा म्हणाले. "पण मी हा असा जड. माझ्या पाठीवर कुणी बसलं, की त्याचे दुखरे पाय बरे होतात. पण माझी जादू मला चालत नाही! तू गवताकडे जा. गवताने गुदगुली केली, की मी हललोच."

टिल्ली निघाली. फतक फतक, फतक फतक. गेली गवताकडे.

"गवतभाऊ, गवतभाऊ, डोला ना! आजोबांना गुदगुली करा ना!"

"का गं? का गं? का गं?" सगळी पाती एकदम बोलली.

"आजोबा हलेनात,
टुणुक मिळेना,
मला घरी जाता येईना!"

"करू की! करू की!" पाती म्हणाली. "पण डोललो तर गुदगुली होणार. आमच्या गुदगुलीने सगळे हलतात, पण आम्ही तर उभे ताठ! आमची जादू आम्हाला चालत नाही. तू वाऱ्याकडे जा. वारा सुटला, की आम्ही डोललोच."

टिल्ली निघाली. फतक फतक, फतक फतक. गेली वाऱ्याकडे. वारा बसला होता बांबूच्या बेटात. डोक्याला मफलर. नाक लालबुंद.

"वारामामा, वारामामा, सूट ना!"

"बी कसा सुटू?" वारामामा म्हणाला. "बाझं डाक बंद झालंय!"

"काय झालंय?"

"डाक! डाक!"

मामा म्हणत होता, माझं नाक बंद झालंय. टिल्लीला हसू आलं. पण तिने हसू गिळलं.

"मामा, मामा, ऐक तर.
गवत डोलेना,
आजोबा हलेनात,
टुणुक मिळेना,
मला घरी जाता येईना!"

"बला एक शिंक यायला हवी," मामा म्हणाला. "शिंक आली, की बी सुटलोच! सगळ्यांडा बी हलवतो. पण बाझी जादू बला चालत डाही. तू फुलाकडे जा. फुलाच्या वासाने बला हबखास शिंक येते."

टिल्ली निघाली. फतक फतक, फतक फतक. गेली फुलाकडे. फूल होतं मिटलेलं. गच्च गच्च मिटलेलं.

टिल्लीने दार वाजवल्यासारखी पाकळी वाजवली. टक टक.

"फूलताई, फूलताई, उमल ना!"

"कोण आहे?" आतून बारीक आवाज आला.

"मी टिल्ली.
मामा शिंकेना,
गवत डोलेना,
आजोबा हलेनात,
टुणुक मिळेना,
मला घरी जाता येईना!"

"अगं, सकाळपासून मी अंधारात बसलेय," फूलताई म्हणाली. "माझ्या वासाने सगळ्यांची नाकं मोकळी होतात. पण माझी जादू मला चालत नाही. तू उन्हाकडे जा. ऊन पडलं, की मी उमललेच."

टिल्ली निघाली. आता पाय दुखायला लागले. पोटात कावळे ओरडायला लागले. फतक... फतक... फतक... फतक. गेली टेकडीकडे. टेकडीमागे अडकली होती ऊनमावशी. तिचा पिवळा पदर तेवढा बाहेर दिसत होता.

टिल्लीने पदर धरून ओढला.

"ऊनमावशी, ऊनमावशी, पड ना!"

"का गं राणी?"

"फूल उमलेना,
मामा शिंकेना,
गवत डोलेना,
आजोबा हलेनात,
टुणुक मिळेना,
मला घरी जाता येईना!"

"अगं, मिटलेलं सगळं मी उघडते," मावशी म्हणाली. "फुलं उघडते, डोळे उघडते. पण माझ्यावरच बसलंय झाकण! माझी जादू मला चालत नाही. वर बघ. तो ढगुल्या बसलाय बघ. तो उठला, की मी पडलेच."

टिल्लीने वर पाहिलं. टेकडीवर बसला होता एक छोटा ढग. गुबगुबीत. पांढरा. गाल फुगवून बसला होता.

टिल्ली टेकडी चढली. फतक, हुश्श. फतक, हुश्श.

"ढगुल्या, ढगुल्या, ऊठ ना!"

"नाही उठणार! ज्जा!"

"ऐक तर!
ऊन पडेना,
फूल उमलेना,
मामा शिंकेना,
गवत डोलेना,
आजोबा हलेनात,
टुणुक मिळेना,
मला घरी जाता येईना!"

"मी रुसलोय!" ढगुल्या म्हणाला. "सगळे मला म्हणतात, हो बाजूला, हो बाजूला. खेळायला ये असं कुणीच म्हणत नाही!"

आणि त्याने तोंड फिरवलं.

आता काय करायचं? आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. टिल्लीला आलं रडू. रडू कुणाला दिसू नये, म्हणून ती एका पानामागे लपली. तिथेच मुळुमुळु रडली.

मग तिने हळूच पानाबाहेर डोकावून पाहिलं. एक डोळा बाहेर.

ढगुल्यापण बघत होता. एक डोळा इकडे.

टिल्ली पटकन आत.

टिल्ली पुन्हा बाहेर.

ढगुल्याचा एक गाल थोडासा हलला.

टिल्लीचं रडू थांबलं. ती पानामागे गेली. अगदी गप्प राहिली. मग म्हणाली,

"बुवाऽऽऽ..."

ढगुल्याने मान लांब केली.

"...कूक!"

"हीऽ हीऽ!" ढगुल्या हसला. "पुन्हा!"

"बुवाऽऽऽ... कूक!"

"पुन्हा! पुन्हा!"

"बुवाऽऽऽ... कूक!"

ढगुल्या खुदुखुदु हसला. खदाखदा हसला. पोट धरधरून हसला. हसता हसता हलका झाला. कापसासारखा हलका! आणि तरंगत तरंगत उठला.

"टिल्ले, ही तुझी जादू!" ढगुल्या वरून ओरडला. "मला किती छान चालली!"

आणि मग काय झालं?

ढग उठला, ऊन पडलं. लख्ख!

ऊन पडलं, फूल उमललं. फुल्लक!

फूल उमललं, मामाला वास आला. मामाचं नाक वळवळलं. आ... आ... आ... आ...

आऽऽक् छीऽऽ!

मफलर गेला उडून! मामा शिंकला आणि सुटला. सूंऽऽ सूंऽऽ सूंऽऽ!

मामा सुटला, गवत डोललं. सळसळ, सळसळ.

गवत डोललं, आजोबांना गुदगुली झाली. पोटाला गुदगुली, पाठीला गुदगुली, काखेत गुदगुली! "हो हो हो! पुरे पुरे! नको नको!" आजोबा हसले आणि गडबडा लोळले.

आजोबा हलले, आणि खाली काय होतं?

हिरवी हिरवी, गोल गोल, मुगाएवढी टुणुक!

वाऱ्याने टिल्लीला उचललं आणि टेकडीवरून अलगद खाली आणलं. धोंडूआजोबांनी तिला पाठीवर बसवलं. तिचे दुखरे पाय बरे झाले. गवताच्या पात्यांनी टुणुक पायात घातली. एक गाठ मारली. दुसरी गाठ मारली. घट्ट!

टिल्ली उभी राहिली. तिने ओढ्याकडे पाहिलं. ओढा केवढा मोठा!

एक... दोन... तीन...

टुणुक!

ओढ्याच्या पार! थेट आईच्या कुशीत!

"कुठे होतीस गं इतका वेळ?" आईने विचारलं. "मी किती हाका मारल्या!"

टिल्लीने मोठ्ठा श्वास घेतला. सगळं सांगायचं होतं. ढगुल्याचं सांगायचं होतं, मामाच्या नाकाचं सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं, आणि आईने त्यात एक भजं घातलं.

कुरुम.

टिल्लीने डोळे मिटले. कुरुम कुरुम. मग आणखी एक. कुरुम कुरुम.

"बरं, आता सांग," आई म्हणाली.

"थांब गं आई," टिल्ली म्हणाली. "आधी अजून दोन दे!"

टिल्ली पोचली घरात, गोष्ट राहिली कानात.