वडावरचं कासव आणि हरीण

चिंचगडच्या वेशीबाहेर एका वडावर दोन पाट्या होत्या, आणि त्या दोन पाट्यांनी अख्ख्या मुलखातल्या गाडीवानांना रडवलं होतं!

एका पाटीवर कासव रंगवलेलं. म्हणजे इथून गाडी सावकाश हाका. दुसरीवर हरीण. म्हणजे इथून गाडी पळवा. दोन्ही एकाच खोडावर, एकीखाली एक, आणि दोन्ही राजे उदाजीरावांच्याच हुकमाने ठोकलेल्या! एकदा एका भरधाव गाडीची धूळ महाराजांच्या डोळ्यांत गेली, तेव्हा कासव लागलं. पुढच्याच आठवड्यात महाराज शिकारीला निघाले आणि एक रेंगाळणारी गाडी आडवी आली, तेव्हा हरीण लागलं. आता कासव काढा म्हणायची हिंमत कुणाला? महाराजांचा हुकूम एकदा सुटला की सुटला, मागे घेणं ठाऊकच नाही.

मग काय, गाडीवानांची इकडे आड तिकडे विहीर. सावकाश जावं तर कोतवाल हरणाकडे बोट दाखवी, पळवावी तर कासवाकडे. एका शहाण्याने वडाच्या अलीकडे गाडी रेंगाळत आणली आणि पलीकडे उधळली. कोतवालाने त्यालाही धरलं. "पाट्या एका खोडावर आहेत! अर्धी अर्धी वाटणी चालायची नाही!"

एके दिवशी म्हादबा कुंभाराचे बैल धरले गेले. एक म्हातारा गुळव्या, चालता चालता पेंगणारा. दुसरा तरणा चंद्या, उभा कर म्हटलं तरी नाचणारा. म्हादबा डोक्याला हात लावून रस्त्यातच बसला. बैल गेले तर तळ्यावरून माती कोण आणणार, आणि माती नाही तर चाकावर घालायचं काय? त्याची लेक ठकू मात्र पदर खोचून थेट दरबारात गेली.

"महाराज, आमचं बैल सोडा!"

"तुझ्या बापाने पाटी मोडली."

"कंची महाराज?"

"हरणाची," कोतवाल म्हणाला. "गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती."

"आन् पळवली असती तर?"

"तर कासवाची मोडली असती!"

"म्हंजी आमी कसंबी गेलो तरी चोरच की!"

दरबारात खसखस पिकली. उदाजीरावांच्या मिशा थरथरल्या. मनातून त्यांनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण मान्य केलं तर ते राजे कसले!

"आमच्या पाट्या चुकत नाहीत, चुकतात ते गाडीवान!" ते गरजले. "उद्या सकाळी एकाच गाडीने, एकाच वेळी दोन्ही पाट्या पाळून दाखव. जमलं तर बैल तुझे. नाही जमलं तर बैल सरकारजमा!"

ठकू उतरल्या तोंडाने परत निघाली. वाटेत एका खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती. मधल्या खुंटाभोवती एका रांगेत जुंपलेल्या बैलांची पात फिरत होती, धुरळा उडत होता. ठकू बघत उभी राहिली, आणि एकदम फिस्सकन हसली.

"काय गं, बैल गेलं आन् हसतीस?" खळ्यावरची म्हातारी म्हणाली.

"जात न्हाईत आजी. सकाळी वडाखाली या!"

सकाळी वडाखाली जत्रा लोटली. महाराज आले, कोतवाल आला, बैल आले. ठकूने गाडी जुंपली. गुळव्या खोडाच्या बाजूला, चंद्या बाहेरच्या.

"महाराज, पाट्या तुमच्या, तवा पारख बी तुमीच करा. बसा गाडीत!"

उदाजीराव ऐटीत चढले. ठकूने कासरा ओढला, चंद्याला ललकारी दिली, आणि गाडी वडाभोवती गरगर फिरू लागली! आतला गुळव्या एकेक पाऊल टाकत, डोळे मिटून, जागच्या जागी वळत होता. बाहेरचा चंद्या शेपूट वर करून उधळला होता. अगदी खळ्यावरच्या पातीसारखं!

"बघा महाराज! आतलं कासव, भाईरचं हरीण. गाडी एकच, येळ एकच!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चंद्या खरंच पळतोय ना, हे बघायला कोतवाल सोबत धावत होता. दुसऱ्या फेरीला त्याची पगडी पडली आणि तिसरीला तो स्वतःच.

"शाब्बास!" महाराज गाडीचा दांडा घट्ट धरून म्हणाले. "पण आपण चाललोय कुठे?"

"कुटंच न्हाई! दोनी पाट्या पाळायच्या म्हटल्यावर बाजार कशाचा येतोय? हितंच फिरायचं!"

"पुरे, पुरे! डोकं गरगरतंय! थांबव गाडी!"

"थांबवू कशी महाराज?" ठकू भाबडं तोंड करून म्हणाली. "थांबायची पाटी कुटं हाय?"

उदाजीरावांना असं हसू फुटलं, की मुकुट एका कानावर आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि हसता हसता उचकी लागली. गाडी पुन्हा खोडाजवळून वळली तेव्हा त्यांनी बाहेर वाकून हरणाची पाटी स्वतःच्या हाताने उचकटली!

"ही घे! आता तरी थांबव!"

ठकूने कासरा खेचला. महाराज धडपडत उतरले आणि वडाला टेकून उभे राहिले. "आता या हरणाचं काय करू, तेही तूच सांग."

"पुढल्या माळावर लावा. तिथं रस्ता मोकळा हाय, बैलान्लाबी पळू वाटतं. हितं वडाखाली पोरं खेळत्यात, हितं कासवच बरं."

महाराजांनी दोन्ही बैलांना नव्या झुली आणि घुंगरमाळा दिल्या, म्हादबाला तळ्याकाठची मातीची जागा दिली. आणि त्या दिवसापासून चिंचगडात नवी पाटी ठोकायची, तर आधी कोतवालाने ठकूच्या गाडीत बसून तिथून एक चक्कर मारायची, असा हुकूम सुटला. पहिल्या चकरेला कोतवाल पगडी घरी ठेवून आला.