उजेड आला, ऊब गेली

खोकं होतं एक. खोक्यात होतं कोंबडीचं पिल्लू. इवलंसं, पिवळं, मऊ मऊ.

पिलाला आई नव्हती. मुंगसानं नेली. म्हणून हौसाकाकूनं खोक्यावर बल्ब सोडला होता. पिवळा बल्ब, गरम गरम. पिल्लू त्याच्याखाली निजायचं.

मग गल्लीत घरोघर नवे दिवे आले. एलईडीचे दिवे. वीज थोडी, उजेड खूप. वर्षानुवर्षं जात नाहीत. काकूनंही आणले. पिवळा बल्ब काढून टोपलीत टाकला. नवा दिवा लावला. वायर वर आढ्याला बांधली. सगळं स्वयंपाकघर उजळलं.

"बघ रे बाळा, कसा लख्ख उजेड!" काकू म्हणाली.

पण पिल्लू कुडकुडलं. कुड कुड कुड. उजेड आला. ऊब गेली.

पिल्लू खोक्याबाहेर आलं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दिवादादा, दिवादादा, ऊब दे ना!"

"माझ्यात ऊब नाही रे. सगळी वीज उजेडाला जाते. बल्बआजोबांना विचार."

तुरुतुरु, तुरुतुरु. बल्बआजोबा टोपलीत पडले होते.

"नव्या दिव्यात ऊब नाही. आजोबा, ऊब द्या ना!"

"देईन की रे राजा. पण टोपलीत मी कसा लागणार? काकू लावेल, तर मी देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. काकू भाकरी थापत होती. थप थप थप.

"नव्या दिव्यात ऊब नाही. आजोबा लागत नाहीत. काकू, आजोबांना लाव ना!"

काकूनं पिलाला हात लावला. "अगं बाई! किती गार पडलंय लेकरू! मला वाटलं, एवढा उजेड, म्हणजे ऊबही असणार. पण वायर उंच बांधली मी. हात कुठला पुरतो! स्टूल येईल, तर मी लावेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"नव्या दिव्यात ऊब नाही. आजोबा लागत नाहीत. काकूचा हात पुरत नाही. स्टूलभाऊ, चल ना!"

"माझ्या डोक्यावर बोका बसलाय. बोका उठेल, तर मी येईन."

पिल्लू बोक्याला घाबरलं. दुरूनच बोललं.

"नव्या दिव्यात ऊब नाही. आजोबा लागत नाहीत. काकूचा हात पुरत नाही. स्टूल येत नाही. बोकोबा, उठा ना!"

"चिमूटभर पोर, आणि मला उठवतंय! भिंतीवर पाल आहे. तिच्यावर डोळा आहे माझा. पाल हलेल, तर मी उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"नव्या दिव्यात ऊब नाही. आजोबा लागत नाहीत. काकूचा हात पुरत नाही. स्टूल येत नाही. बोका उठत नाही. पालताई, हल ना!"

"चुक चुक! नव्या दिव्यावर पाखरंच येईनात. उपाशी आहे मी. पाखरू येईल, तर मी हलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. दाराबाहेर एक पाखरू बसलं होतं, दिव्याभोवती भिरभिरणारं.

"नव्या दिव्यात ऊब नाही. आजोबा लागत नाहीत. काकूचा हात पुरत नाही. स्टूल येत नाही. बोका उठत नाही. पाल हलत नाही. पाखरा, ये ना!"

"मला पिवळा दिवाच आवडतो. आजोबा लागतील, तर मी येईन."

आता कुठं जायचं? पुढं कुणीच नव्हतं.

पिल्लू उंबऱ्याशी बसलं. पिऊ पिऊ रडलं. मग रडणंही थांबलं. नुसतंच कुडकुडलं.

पाखराला बघवेना. "पालीची भीती वाटते मला," ते म्हणालं. "पण येतं मी."

पाखरू आलं, भिरभिर. पाल हलली, सरसर. बोका उठला, टुणकन. स्टूल सरकलं, खर्रर्र. काकू चढली. वायर सुटली. आजोबा लागले, टक्क! ऊब आली, हळूच, हळूच.

पाखरू निसटलं. पाल राहिली उपाशीच.

"घरभर नवेच दिवे," काकू म्हणाली. "खोक्यावर मात्र आजोबा. पिसं फुटेपर्यंत."

पिल्लू बल्बखाली निजलं. एकटंच. पण उबेत.

निजलंय ते. आपण हळू बोलू या.