निळीत बुडवलेला चेंडू

एकदा एक कर्णधार आपला हॉकीचा संघ घेऊन परदेशी गेला आणि पहिल्या तीन सामन्यांत तीनदा तोंडघशी पडला. खेळामुळे नव्हे, हे आधीच सांगतो. खेळाडू उत्तम होता. सयाजी त्याचं नाव, वय तेहतीस. दहा देशांची ही स्पर्धा त्याची शेवटची, हे निवड समितीने त्याला निघतानाच ऐकवलं होतं. एकदा उपांत्य फेरी खेळावी आणि मग स्टिक खाली ठेवावी, एवढीच त्याची इच्छा. पण स्वभावाला काय करणार? पंचाने विरुद्ध शिट्टी वाजवली की याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नियम साधा आहे. पंचाचा निर्णय पटला नाही तर दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढून दाखवायचा, म्हणजे मैदानाबाहेर बसलेला पंच चित्रफीत पुन्हा तपासतो. याला रेफरल म्हणतात. आपलं म्हणणं खरं ठरलं तर रेफरल शाबूत राहतो. चुकीचं ठरलं तर गेला, त्या सामन्यात पुन्हा दाद मागता येत नाही. ही वस्तू जपून वापरायची असते हे शेंबड्या पोरालाही कळेल. आमच्या सयाजीला कळत नव्हतं!

हॉकीत चेंडू पायाला लागला की तो गुन्हा. पहिल्या सामन्यात चौथ्याच मिनिटाला पंचाने त्यासाठी सयाजीविरुद्ध पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्यांना गोलची आयती संधी, दिला. "नाही लागला! आईशप्पथ नाही लागला!" असं ओरडत याने चौकोन काढला. चेंडू त्याच्या बुटाला घासून गेलेला मोठ्या पडद्यावर साऱ्या मैदानाने पाहिला. दुसऱ्या सामन्यात नवव्या मिनिटाला तेच, तीच शपथ, तोच पडदा. तिसऱ्या सामन्यातही तेच. त्या दिवशी मात्र शेवटच्या मिनिटाला आपला अगदी खरा गोल पंचाने चुकून नाकारला आणि दाद मागायला हातात काही उरलं नव्हतं. सामना बरोबरीत सुटला. आता शेवटचा साखळी सामना जिंकला तरच उपांत्य फेरी, नाही तर परतीचं विमान.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजी तक्रारीचा कागद घेऊन तात्यांकडे गेला. तात्या संघाचे प्रशिक्षक, वय एकाहत्तर. सयाजी अकरा वर्षांचा होता तेव्हापासून त्यांच्या हाताखाली घडलेला.

"यावर सही करा, तात्या. सगळे पंच आपल्यावर डूख धरून आहेत."

तात्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, "सगळ्यांना बूट घालून हॉटेलच्या मागे बोलाव. फिजिओकडची पांढरी चिकटपट्टी असेल तेवढी आण. आणि एक बादली."

तात्या आपले पांढरे शर्ट अजून स्वतःच धुतात. त्यामुळे जगात कुठेही गेले तरी त्यांच्या बॅगेत निळीची बाटली असते. ती त्यांनी बादलीत ओतली, थोडं पाणी घातलं आणि चेंडू आत बुडवला. सगळ्यांच्या बुटांवर पांढरी पट्टी गुंडाळून घेतली.

"खेळा," ते म्हणाले. "चेंडू पायाला लागला असं ज्याला कळेल त्याने स्वतः हात वर करायचा. दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही."

उद्या जगण्यामरण्याचा सामना, आणि हे गृहस्थ पार्किंगमध्ये निळीचा खेळ मांडून बसले! दर दोन मिनिटांनी चेंडू पुन्हा बादलीत. "तात्यांचं वय झालं रे," उपकर्णधार बेनेडिक्ट कुजबुजला. हॉटेलचा व्यवस्थापक दोनदा येऊन हातवारे करून गेला. त्याचं तरी काय चुकलं? फरशी निळी, गुडघे निळे, एका पाहुण्याची गाडीही निळी. खरं सांगतो, मी तिथे असतो तर स्टिक फेकून खोलीत गेलो असतो.

तासाभराने तात्यांनी सयाजीला समोर उभं केलं.

"किती वेळा हात वर केलास?"

"दोनदा."

"बुटावरचे डाग मोज."

सयाजीने मोजले. अकरा होते.

"हे सगळे चेंडूचेच कशावरून?" सयाजी म्हणाला. "शिंतोडे उडाले असतील."

धन्य! पुरावा स्वतःच्या पायात आणि हा वकिली करतोय. आता मात्र तात्यांचाही संयम सुटला.

"अरे गाढवा, तू खोटारडा असतास तर मी तुला कधीच सरळ केलं असतं! खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. तू मनापासून बोलतोस, हीच पंचाईत आहे. चेंडू येतो तेव्हा तुझं चित्त पुढच्या पासवर असतं, पायाचं भान नसतं. इथवर ठीक, माणूस आहेस. पण जे मला कळलं नाही ते घडलंच नाही, हे तुला सांगितलं कुणी? 'लागला नाही' आणि 'लागलेला मला कळला नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बावीस वर्षांत दुसरं वाक्य तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही."

सयाजीने बुटावरची पट्टी सोलून नवी गुंडाळली. मग संध्याकाळपर्यंत सगळे तसेच खेळत राहिले, दर फेरीला नवी पट्टी लावून, कुरकुर करत. शेवटच्या फेरीत सयाजीने सात वेळा हात वर केला. डाग आठ होते.

दुसऱ्या दिवशी सामन्यात सहाव्या मिनिटालाच पंचाने सयाजीच्या पायावर बोट दाखवून पेनल्टी कॉर्नर दिला. "चौकोन काढ!" बेनेडिक्ट ओरडला. सयाजीचे हात छातीपर्यंत आले आणि थांबले. "मला कळलं नाही," तो म्हणाला. बेनेडिक्ट त्याच्याकडे बघतच राहिला. त्या कॉर्नरवर गोल झाला.

तिसऱ्या सत्रात आपण केलेला गोल पंचाने नाकारला. चेंडू आपल्या आघाडीवीराच्या पायाला लागला, असं पंचाचं म्हणणं. सयाजीने त्या आघाडीवीराला विचारलं. "कळलं नाही," तो म्हणाला. "कुणी पाहिलं?" सयाजीने सगळ्यांना विचारलं. बेनेडिक्ट पुढे आला. "मी पाहिलं. त्यांच्या बचावपटूच्या पायाला लागून आत गेला." तेव्हा कुठे सयाजीने चौकोन काढला. चित्रफितीत तसंच दिसलं. एक-एक बरोबरी.

आणि मग शेवटचं दीड मिनिट. सयाजीने वेगात आलेला चेंडू अडवला, बेनेडिक्टकडे ढकलला, बेनेडिक्टने जाळ्यात मारला. पंचाने गोल दिला. प्रतिस्पर्धी कर्णधार आकांडतांडव करत होता, पण त्यांचा रेफरल मघाशीच वाया गेला होता. सगळे सयाजीच्या अंगावर उड्या मारू लागले. सयाजी मात्र उभाच. चेंडू त्याच्या डाव्या पायाला लागला होता. अगदी हलकाच, करंगळीच्या बाजूला. परवापर्यंत त्याला हे कळलं नसतं. आज कळलं होतं.

तो चालत पंचाकडे गेला. खेळ पुन्हा सुरू झाला नव्हता, निर्णय अजून बदलता येत होता. "माझ्या पायाला लागला," तो म्हणाला.

गोल रद्द झाला. सामना एक-एकवर संपला. उपांत्य फेरी गेली.

"तुला कुणी विचारलं होतं?" बेनेडिक्ट रडकुंडीला येऊन ओरडला. "पंचाला दिसलं नव्हतं, त्यांच्याकडे रेफरल नव्हता, तुला कुणी विचारलं होतं रे?" सयाजी तरातरा तात्यांकडे गेला. डोळे भरले होते आणि आवाज चढला होता.

"हे काय शिकवून ठेवलंत मला! परवाचा असतो तर नाचलो असतो मी. शपथेवर सांगितलं असतं की लागला नाही. उद्या उपांत्य फेरी खेळलो असतो!"

"हो," तात्या म्हणाले. "खेळला असतास." उपांत्य फेरी त्यांनाही हवी होती.

सयाजी त्यांच्या शेजारी बाकावर बसला. राग हळूहळू उतरला आणि मग त्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं, "तात्या, मग आजवर मी शपथा घेऊन जे भांडलो, ते? त्यांतलं किती खरं होतं?"

"ते आता कुणालाच कळायचं नाही," तात्या म्हणाले. "आजचं तेवढं तुला कळलं."

सयाजीने मान हलवली. मग उठून त्याने दोन्ही पंचांशी हात मिळवला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच, असं तात्या सांगतात.

ही गोष्ट मी परवा घरी जेवताना सांगितली आणि सहज विचारलं, "मी कधी घरात ओरडतो का?" सगळे आपापल्या ताटात बघायला लागले.