नरसू पैलवानाची अदलाबदल

"सूर्य मावळायच्या आत माझी लहानपणीची मजा मला परत आणून द्या! नाहीतर तुमचे सगळे पैलवान जप्त!"

हिरडगाव संस्थानच्या उदाजीराव सरकारांनी हुकूम सोडला आणि दरबारात जमलेले शौकीन एकमेकांची तोंडं बघू लागले.

पैलवान म्हणजे हाडामांसाचे नव्हेत, चित्रातले. एके काळी चहाच्या पुड्यातून जाड कागदावरचं रंगीत चित्र निघायचं. कुणी शड्डू ठोकणारा, कुणी मिशीला पीळ भरणारा! गावातली पोरं तालमीजवळच्या चिंचेखाली बसून त्यांची अदलाबदल करायची. छोटे उदाजीरावही मागच्या दाराने निसटून, अनवाणी, तिथे जाऊन बसायचे. पुढे चहाचा कारखाना बंद पडला, पोरांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पण चित्रांचा नाद काही सुटला नाही.

ते दिवस आठवले म्हणून सरकारांनी सगळ्या शौकिनांना आपापले पैलवान घेऊन बोलावलं. पण झालं भलतंच! सरकारांनी बोट दाखवायचा अवकाश, "घ्या ना सरकार, आपलाच आहे!" म्हणत जो तो पैलवान पुढे करी. बदल्यात फाटकातुटका मिळाला तरी तो कपाळाला लावून घेई. बघता बघता गादीसमोर ढीग लागला आणि सरकारांचं तोंड उतरलं.

"ही कसली अदलाबदल? ही तर लूट झाली! चिंचेखाली कशी मजा यायची! तशी मजा हवी मला!" असं म्हणून त्यांनी तो हुकूम सोडला होता.

सगळ्यांच्या मागे चांगुणा उभी होती. येसू फुटाणेवाल्याची लेक. बापाचा पाय मुरगळला होता, म्हणून त्याचा पत्र्याचा डबा घेऊन ती आली होती. डब्यात होता नरसू पैलवान. बापाने लहानपणी आपला नवा कोरा भोवरा देऊन तो मिळवला होता. अजूनही धोतराला हात पुसल्याशिवाय तो नरसूला शिवत नसे. रिकामा डबा घेऊन घरी जायचं कसं? चांगुणाने डबा पोटाशी घट्ट धरला.

इकडे एकेकाची धावपळ सुरू झाली. श्रीपती शिंप्याने घाईघाईने अर्धी चड्डी शिवली, दिवाणजींना घातली आणि दरबारात विटीदांडू मांडला. दिवाणजींचं पोट बघून लोकांना हसू आवरेना, पण सरकारांनी जांभई दिली. हसन अत्तरवाल्याने जपून ठेवलेल्या जुन्या पुड्यातला चहा करून आणला. सरकारांनी एक घोट घेतला. "कुबट!"

ऊन डोंगराला टेकलं. शिपाई पोती घेऊन पुढे सरसावले. तेवढ्यात चांगुणा गर्दीतून वाट काढत आली आणि फरशीवर मांडी घालून बसली.

"सरकार, खाली या. गादीवर बसून कुठे अदलाबदल होते?"

सरकार चमकले, पण उतरले. चांगुणाने डबा उघडला. आत पिळदार मिशांचा नरसू बघून सरकारांचे डोळे लकाकले.

"हा दे!"

"नाही देत!"

दिवाणजी चड्डी सावरत धावले. "अगं ए! कुणाशी बोलतेस?"

"अदलाबदल करणाऱ्याशी!" चांगुणा म्हणाली. "बदल्यात काय देताय ते बोला, सरकार."

सरकारांनी ढिगातून एक चित्र काढून पुढे केलं. चांगुणाने ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्याचा तर कान गेलाय!"

"पैलवानाचा कान असाच असतो!"

"मोडका असतो सरकार, उंदराने खाल्लेला नसतो!"

सरकारांनी दुसरा काढला. "हा बघ, काय छाती आहे!"

"छाती आहे, पण रंग उडालाय. कावीळ झाल्यासारखा दिसतोय." चांगुणाने डबा मिटला आणि ती उठू लागली.

"थांब, थांब!" सरकार गुडघ्यांवर पुढे सरकले. पगडी कानावर घसरली. "दोन देतो! तीन देतो!"

"आणि मांडीखाली काय दडवलंय?"

सरकारांचे कान लाल झाले. "कुठे काय?"

"दाखवा!"

"नाही दाखवणार! तो माझा आवडता आहे!"

"मग नरसू माझ्या बाचा आवडता आहे!"

"सरकार," दिवाणजी कळवळून म्हणाले, "हुकूम करा, डबाच काढून घेतो!"

"गप्प बसा हो!" सरकार खेकसले. "मधे मधे तोंड घालू नका! आत्ता कुठे रंगात आलंय!"

घासाघीस पुन्हा जुंपली. सरकार रुसले, फुगले, "जा, नकोच मला तो!" म्हणून पाठ फिरवून बसले आणि पुन्हा वळून डब्यात डोकावले. एवढ्यात चोपदाराने हाळी दिली, "सूर्य मावळला होऽ!"

"इतक्यात?" सरकार ओरडले. "अरे, अजून सौदा कुठे झालाय!"

"सौदा राहिला सरकार," चांगुणा हसत म्हणाली, "पण तुम्ही मागितलेलं तर मिळालं ना?"

सरकारांनी स्वतःकडे पाहिलं. धुळीने माखलेले गुडघे, तिरकी पगडी, घामेजलेलं कपाळ. "पोरी, हे तू कसं केलंस?"

"बा सांगतो, चिंचेखालची पोरं तुम्हाला 'नाही देत' म्हणायची. गादीवर बसल्यापासून तुम्हाला तसं कुणी म्हटलंच नाही. मी म्हटलं, एवढंच!"

सरकार असे खदखदून हसले की पगडी पार घरंगळून दिवाणजींच्या पायाशी गेली. "परत करा रे! ज्याचे त्याचे पैलवान परत करा!" त्यांनी आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं उतरवून चांगुणाच्या हातात घातलं. ते सरळ कोपरापर्यंत चढलं. चिंचेभोवती दगडी पार बांधायचा हुकूमही तिथल्या तिथे सुटला.

मग सरकार जरा संकोचून म्हणाले, "बाजारच्या दिवशी मी चिंचेखाली आलो तर चालेल?"

"या की, सरकार!" चांगुणा म्हणाली. "फक्त दिवाणजींना घरी ठेवून या!"

आणि सरकारांच्या हसण्याने दरबार पुन्हा दणाणला.