तांदळातलं नाव

निवृत्त हेडमास्तर गोविंदराव सहस्रबुद्ध्यांचा शब्द सांगलीत कुणी मोडत नसे. परदेशातल्या लेकीने नवा फोन पाठवला. त्यावर नात दिसेल म्हणून मास्तरांच्या पत्नी मालतीबाई आसुसलेल्या. पण मास्तर त्याला हात लावेनात.

"अगं, याची पद्धतच वेगळी. या वयात मला सवय व्हायची नाही!"

"लग्नात ताटातल्या तांदळात तुम्ही अंगठीने माझं नवं नाव लिहिलंत," मालतीबाई म्हणाल्या. "त्याच संध्याकाळपासून मी त्याला ओ देतेय. तुम्ही आठ दिवस घ्या."

मास्तरांनी फोन हातात घेतला. नव्या फोनमध्ये पहिलं नाव त्यांनी बायकोचं घातलं. मालतीबाईंनी डोकावून पाहिलं, तर त्यांचं माहेरचं नाव: कुमुद. आई गेल्यापासून त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

पडद्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "ओ."