सगळ्यात पुढची पायरी

एका गावात एक मैदान होते आणि ते वर्षावर्षाला लहान होत चालले होते.

सुरुवातीला ते नुसते शाळेचे मैदान होते. दोन टोकांना बांबूचे गोलखांब, चहूबाजूंनी फक्कीच्या रेषा आणि रेषेबाहेर उभे असलेले सगळे गाव. गावाला फुटबॉलचे वेडच होते. म्हातारी माणसे उभी राहून दमतात म्हणून हेडमास्तरांनी एका बाजूला दगडी पायऱ्या बांधल्या. पुढे गावात कॉलेज आले. त्याला स्वतःचे मैदान नव्हते, म्हणून त्याने समोरच्या बाजूला आपल्या पायऱ्या बांधल्या. शाळा-कॉलेजचा सामना असला की बाजारपेठ बंद. लोक मैदानाला आता स्टेडियम म्हणू लागले.

मग एक चाल पडली. घरातले कोणी गेले, की त्याच्या नावाची पायरी बांधायची. दगडावर नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. यात वाईट काहीच नव्हते. अडचण एवढीच, की आपल्या वडिलांची पायरी कोणालाच मागे नको होती. त्यामुळे प्रत्येक नवी रांग आधीच्या रांगेच्या पुढे बसे आणि फक्कीची रेषा हातभर आत सरके. हातभराने काय होते, असे प्रत्येकाला वाटे. खरे सांगायचे तर, आपण तिथे असतो तर आपल्यालाही तसेच वाटले असते.

सगळ्यात पुढची पायरी सुगंधाबाईंच्या मुलाची होती. दिनकर कॉलेजच्या टीममध्ये खेळायचा. ऐन विशीत तो तापाने गेला. सुगंधाबाईंचे बांगड्यांचे दुकान होते. रोज दुकान बंद केले की त्या मैदानावर येत आणि ओल्या फडक्याने ती पायरी पुसत.

एका वर्षी शाळेच्या मुली जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. सामना याच मैदानावर ठरला. ते एक बरे झाले, कारण मुलींना परगावी खेळायला पाठवायची निम्म्या घरांची तयारी नव्हती. पाहणीला जिल्ह्याहून एक पंच आले. त्यांनी टेप लावली, परत लावली, मग चष्मा पुसला.

"सर, हे मैदान नाही, बोळ आहे," ते खेळाच्या चौगुले सरांना म्हणाले. "रविवारपर्यंत रुंद करा. नाहीतर सामना शेजारच्या तालुक्याला जाईल."

सामना गेला असता तर मुली घरीच बसल्या असत्या. चौगुले सर घरोघर फिरले. पुढच्या रांगा काढायला कोणीच नाही म्हणाले नाही. कॉलेजचे अध्यक्ष रावसाहेब मगदूम तर फारच मोकळेपणाने बोलले.

"काढू की. पण सर, आधी सगळ्यात पुढची निघू दे. आमच्या आबांची तिच्या मागं आहे."

सगळ्यांचे उत्तर थोड्याफार फरकाने हेच होते. मुलगा गेलेल्या बाईला कोणी सांगणार नाही, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक होते. सगळे गाव तिच्या दुःखाच्या आड जाऊन बसले होते.

शेवटी सरच दुकानात गेले. त्यांनी चाचरत सगळे सांगितले. सुगंधाबाई बांगड्या लावत ऐकत होत्या.

"एवढ्याशा जागेत पोरी खेळत्यात तरी कशा?" त्यांनी विचारले.

"मधूनच, मावशी. कडेनं पळायला जागा राहिली नाही."

सुगंधाबाईंचा हात थांबला. "दिनू कडेनं पळायचा."

"हो. मीच शिकवलं होतं त्याला."

"मग त्याच्या पळायच्या वाटेवरच मी त्याचं नाव बसवलं की." त्यांनी हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमच्याकडं बघून धीर झाला नाही."

"गावातल्या कुणालाच झाला नाही म्हणायचा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुकानाचे दार ओढून घेतले.

त्याच दुपारी त्या पहार घेऊन मैदानावर उभ्या राहिल्या. पहिला घाव त्यांनीच घातला. तो काही फार जोराचा नव्हता, पण गावभर ऐकू गेला. थोड्या वेळाने रावसाहेब आले, गडी घेऊन.

"आमचीही काढायचीच होती," ते म्हणाले. "पहार सापडत नव्हती."

कोणी हसले नाही, कारण मागोमाग आलेल्या प्रत्येकाने असेच काहीतरी निमित्त ठरवून आणले होते. नावांचे दगड कुंपणाच्या भिंतीत बसवले. तिथे पुढचा-मागचा कोणी नव्हता.

रविवारी सामना झाला. सुगंधाबाई रेषेबाहेर गर्दीत उभ्या होत्या. एक किडकिडीत मुलगी बॉल घेऊन अगदी कडेने धावत आली आणि त्यांना घासून पुढे गेली. पातळावर धूळ उडाली.

"लागलं का हो, मावशी?" शेजारच्या बाईने विचारले.

"न्हाई," सुगंधाबाई म्हणाल्या. "तू जरा मागं सर. ती परत येईल."

तात्पर्य: गेलेल्यांची आठवण अशी जपावी, की मागून येणाऱ्यांना धावायला जागा उरेल, आणि जागा सोडायची वेळ आली, तर दुसऱ्याची पायरी आधी निघण्याची वाट पाहू नये.