फिल्टरमधली धूळ

कोल्हापुरात टर्बो गाड्यांच्या शौकिनांचा एक क्लब होता आणि त्याचे अध्यक्ष रणधीरराव स्वतःचीच आरती ओवाळण्यात पटाईत होते. क्लबातला यशोधन वारल्यापासून त्याच्या लाल गाडीवर त्यांचा डोळा होता. पण त्याची बायको मृणाल गाडी विकेना. रोज संध्याकाळी ती त्या गाडीत नुसती बसून यायची.

एका रविवारी गॅरेजात सगळ्यांसमोर रणधीररावांनी इंजिनात जास्त हवा सोडणारा परदेशी एअर फिल्टर नाचवला. "वहिनी, यशोधननं बसवलेला तो साधा कागदी फिल्टर फेका. हा घातला की इंजिनाची ताकद वाढलीच म्हणून समजा! वाढली, तर गाडी मला विकायची. कबूल?"

"कबूल. नाही वाढली, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

ताकद मोजणाऱ्या रोलरवर गाडी चढवली. जुन्या फिल्टरवर आकडा आला. रणधीरराव आपला फिल्टर घेऊन पुढे सरसावले, तशी मृणाल म्हणाली, "थांबा. आधी फिल्टरच काढून एकदा पळवू."

फिल्टरचा डबा रिकामा ठेवून गाडी पळवली. आकडा जागचा हलला नाही.

"भाऊजी, सताड उघड्या तोंडानंही हिची ताकद वाढेना. तुमचा फिल्टर याहून जास्त हवा कुठून आणणार?"

सगळं गॅरेज हसलं. रणधीररावांनी फिल्टर गुपचूप खोक्यात घातला. "निदान तो जुना झटकून तरी घ्या," ते पुटपुटले.

"नको. त्यात आमच्या शेवटच्या आंबोलीच्या फेरीची धूळ आहे."

तिनं फिल्टर स्वतःच्या हातानं जागेवर बसवला. आतलं काढून घेतलं, तरी गाडीला काहीच फरक पडला नव्हता. मृणालला गाडीचा हेवा वाटला.